मलिहाच्या घरचे कागद

धामणगाव बढ्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत सागर आणि अकील यांची घरं एकमेकांना लागून होती. मधली भिंत एकच. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. पुढे सागर वडिलांच्या शेतीत राहिला आणि अकील गावोगाव फिरून कापूस खरेदी करू लागला. सागरचा कापूस अकीलच्याच काट्यावर जायचा.

सागरच्या बायकोला, अनुपमाला, अकीलच्या बायकोचा हेवा वाटायचा. मलिहा तिच्याहून गोरी होती, दहावी शिकलेली होती, पण हेवा त्याचा नव्हता. अकील संध्याकाळी घरी आला की ओट्यावर बसून दिवसभराचं सगळं बायकोला सांगायचा. कुठल्या गावात काय भाव निघाला, कोणी ओला कापूस आणला, उद्या कुठे जायचं आहे. मलिहा तांदूळ निवडता निवडता मधेच एखादा प्रश्न विचारायची आणि तो थांबून उत्तर द्यायचा. भिंतीच्या अलीकडे अनुपमाला ते सगळं ऐकू यायचं. सागर चांगला होता, हात उचलणारा नव्हता, दारू पिणारा नव्हता. पण घरी आला की जेवायचा, पाच वर्षांच्या रेणुकाला मांडीवर घ्यायचा आणि झोपायचा. अनुपमाला वाटायचं, आपला नवरा आपला आहे, पण त्याच्या डोक्यात काय चाललंय ते आपलं नाही.

२००९ च्या नवरात्रात एके दिवशी सागर दुपारीच घरी आला. अकीलसोबत मोताळ्याला वकिलाकडे गेला होता. खिशातून त्याने विम्याचा एक छापील कागद काढला.

"अकीलनं आज सगळं करून टाकलं," तो म्हणाला. "घर भाभीच्या नावानं बक्षीसपत्र करून देलं. बँकेत, विम्यात भाभीचं नाव. लेकरायच्या नावानं काही आलं तं त्याची देखरेख भाभीच करीन, तेबी लिहून ठेवलं. मले म्हणे, तूबी कर. माह्या विम्यात अजून मायचंच नाव आहे, लग्नाच्या आधीचं. अन् वावर तं अजून बाबाच्या नावावर आहे."

बाबा म्हणजे तुळशीराम. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांनी स्वतः घेतलेली सहा एकर जमीन सागर आणि त्याचा मोठा भाऊ गुलाबराव निम्मी निम्मी वाहत होते. वाटणी तोंडीच झालेली. बांधावर उभं राहून आई मंजुळाबाईंनी सांगितलं होतं, इकडलं गुलाबचं, इकडलं सागरचं. सागरच्या तीन एकरांत त्याने स्वतः विहीर खोदली होती. कागदावर मात्र काहीच नव्हतं. सातबाऱ्यावर अजून तुळशीरामच होते.

अकीलने हे सगळं करायला कारण होतं. त्याचे वडील रज्जाक पस्तिसाव्या वर्षी गेले तेव्हा त्यांचं कापडाचं दुकान चुलत्यांनी ताब्यात घेतलं. आई अजीजुन्निसा लहानग्या अकीलला घेऊन लोकांच्या रजया शिवत राहिली. आपल्या बायकोवर ती पाळी येऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

अनुपमाला हे ठाऊक होतं. तरी तो कागद पाहून तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काऊन? तुम्हाले काय झालं? तेहतीस वर्षाचा माणूस मरणाचे कागद करत फिरते का? अन् तेबी नवरात्रात?"

"मरणाचे नाही वं, नावं बदलाची आहेत फक्त."

"त्यायच्या घरी फ्रीज आला तं तुम्ही फ्रीज आणतो म्हणता. त्यायच्या घरी कागद झाले तं आपल्या घरी कागद. आपलं काही आपलं आहे का नाही?"

सागर हसला. "बरं, कापूस निघू दे. मंग पाहू," असं म्हणून त्याने कागदाची घडी घालून भिंतीतल्या देवळीत ठेवली.

खरं म्हणजे अनुपमाला कागदाची भीती नव्हती वाटली. मलिहाच्या नवऱ्याने बायकोचा विचार केला, आणि आपल्या नवऱ्याला तो दुसऱ्याने सांगितल्यावर सुचला, हे तिला लागलं होतं. पण हे तिला तेव्हा बोलता आलं नाही.

त्या वर्षी बीटी कापसावर लाल्या पडला. पानं लाल होऊन गळू लागली, बोंडं बारीक राहिली. दुसरी वेचणी निम्म्यावर आली. जो तो हातातला कापूस चांगल्या भावाला कसा जाईल ते पाहत होता. अकील म्हणाला, चिखलीला जरा बरं आहे. डिसेंबरात एका सकाळी दोघं टेम्पो भरून निघाले. राजूर घाटाच्या चढावर टेम्पो मागे सरकू लागला आणि कठडा तोडून खाली गेला. चालक उडी मारून वाचला. सागर आणि अकील गेले.

दुपारी दोन्ही घरांपुढे एकच गर्दी होती. एका दारातून खाटेवर अकीलला नेलं, दुसऱ्या दारातून तिरडीवर सागरला. त्या दिवशी अनुपमा आणि मलिहा एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. पदर कोणाचा, ओढणी कोणाची, हे बायकांना वेगळं करावं लागलं.

त्यानंतर मात्र दोन घरांचे रस्ते वेगळे झाले.

मलिहा नवऱ्यामागच्या इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस तिने उंबरठा ओलांडला नाही. तिचा भाऊ रोहिणखेडहून यायचा, फाईल घेऊन जायचा आणि काम करून परत यायचा. विमा तिच्या नावावर होता, तो आला. बँकेने विचारलं काही नाही. घराला तर कोणी हातच लावू शकत नव्हतं. ते तिचंच होतं. मोठा बिलाल शाळेत जात राहिला, धाकटी मुबीना अंगणात खेळत राहिली. अजीजुन्निसा नातवंडांना जवळ घेऊन बसायची.

अनुपमाच्या घरी तेराव्यानंतर गुलाबरावांनी सागरच्या तीन एकरांत नांगर घातला. वाईट हेतूने नव्हे. वावर पडीक कसं ठेवायचं, असं ते म्हणाले. विम्याचा धनादेश मंजुळाबाईंच्या नावाने आला आणि गुलाबरावांनी तो आईच्या खात्यात भरला. सागरच्या खात्यावर कोणाचंच नाव नव्हतं. बँकेतल्या बाबूने अनुपमाला सांगितलं, "वारसाचा दाखला आणा, कोर्टातून." तलाठी म्हणाला, "आधी तुमच्या सासऱ्यांच्या वारसांची नोंद लागल. मंग तुमच्या नवऱ्याच्या वारसांची. सगळ्यांच्या सह्या लागतीन."

ती घरी येऊन गुलाबरावांसमोर उभी राहिली. "भाऊजी, तलाठ्याकडे सह्या द्या. माह्या पोरीचं नाव लागू द्या."

गुलाबराव म्हणाले, "तू एकोणतीस वर्षाची आहे अनुपमा. उद्या तुह्या मायबापानं तुले दुसऱ्या घरी देलं, तं बाबाचं वावर कोणाच्या घरी जाईन? मी रेणुकाले काही कमी पडू देणार नाही. पण कागदाचं थांब."

मंजुळाबाई चुलीपाशी बसून होत्या. त्यांनी मान वर केली नाही. अनुपमाला त्यांचाही राग आला नाही. एक मुलगा गेलेल्या बाईने दुसऱ्या मुलाशी कसं भांडायचं?

राग सगळा भिंतीपलीकडे जाऊन साठत होता. सकाळी मलिहाच्या घरून चहाचा वास आला तरी अनुपमा दार लोटून घ्यायची. मलिहा रडली की तिला वाटायचं, हिला रडायला सवड आहे. आपल्याला तर नवऱ्यासाठी रडायलाही मिळालं नाही. तलाठ्याच्या दारात, बँकेच्या दारात उभं राहण्यातच ते सगळं आटून गेलं. एकदा ग्रामपंचायतीचा शिपाई घरपट्टीची पावती चुकून तिच्या दारात टाकून गेला. पावतीवर नाव होतं मलिहाचं. अनुपमा ती हातात घेऊन कितीतरी वेळ बसली. तिचं स्वतःचं नाव अख्ख्या धामणगावात कुठल्याच कागदावर नव्हतं, रेशनकार्ड सोडून. तिथेही ती कोणाची तरी बायको होती.

पावती तिने रेणुकाच्या हाती पाठवली. स्वतः गेली नाही.

चैत्रात एका सकाळी पिठाच्या गिरणीवर गल्लीतल्या जनकाबाई भेटल्या. म्हणाल्या, "बिचारी मलिहा, पण तिचं बरं झालं बाप्पा, नवऱ्यानं मागचं पुढचं पाहून ठेवलं."

अनुपमाच्या तोंडून निघून गेलं, "पाहून ठेवलं नाही, करून घेतलं. नवरा जाणार हे ठाऊक असल्यावाणी दोन महिने आधी सगळं लिहून घेतलं तिनं."

जनकाबाईंनी पिठाचा डबा डोक्यावर घेतला आणि निघून गेल्या. अनुपमाला वाटलं, बोलून टाकलं, मन हलकं झालं. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी शांत झोपली, आणि पुढे आयुष्यभर तिला त्या झोपेची लाज वाटत राहिली.

आठ दिवसांत ते वाक्य गावभर फिरलं. फिरता फिरता त्याला फांद्या फुटल्या. मलिहाने नवऱ्याला धमकावून लिहून घेतलं. मलिहाला कोणी ज्योतिष सांगितलं होतं. मलिहाच्या भावाने सगळं आखलं होतं. आणि मग अकीलचे दोन्ही चुलते उठले. ज्यांनी रज्जाकचं दुकान घेतलं होतं तेच. त्यांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला की बक्षीसपत्र दबावाखाली झालं आहे, घरावरचं मलिहाचं नाव काढावं, घर लेकरांच्या नावाने करावं आणि लेकरं लहान आहेत तोवर देखरेख आम्ही करू.

अर्ज दिला त्याच दिवशी ते मलिहाच्या अंगणात येऊन बोलले. भिंतीअलीकडे अनुपमा भाकरी थापत होती.

"सारे गाव में बात है," मोठा चुलता म्हणत होता. "हम नहीं बोल रहे. तेरे पड़ोसवालेच बोल रहे."

अजीजुन्निसाचा म्हातारा आवाज आला. "माहं दुकान घेतलं तेव्हाबी तुम्ही असंच म्हणले होते, गाव बोलून राह्यलं म्हून. आता घर घ्याचं आहे का?"

अनुपमाच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. तिने उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी मलिहा आली. इद्दत संपून आठवडाच झाला होता. काळी ओढणी, हातात फाईल. ती उंबरठ्यावरच बसली.

"वैनी, तुम्ही काय बोलल्या ते मले माहीत आहे," ती म्हणाली. "मी त्याच्यासाठी नाही आली."

अनुपमा चुलीपासून उठून तिच्यासमोर येऊन बसली.

मलिहाने फाईलमधून बक्षीसपत्र काढलं आणि शेवटचं पान तिच्यापुढे धरलं. "साक्षीदार दोन होते. एक वकिलाचा माणूस. तो नोकरी सोडून औरंगाबादले गेला, सापडून नाही राह्यला. दुसरी सही ही."

खाली निळ्या शाईत सही होती. सागर तुळशीराम. 'ग'चा दांडा खाली लांब ओढलेला, तसा तो नेहमी ओढायचा. अनुपमाने त्या सहीवरून बोट फिरवलं. आपल्या घरासाठी ज्याने कुठेच सही केली नव्हती, त्याने दुसऱ्याच्या घरासाठी केली होती. त्या क्षणीही तिच्या मनात पहिला आला तो हेवाच. ही सहीसुद्धा हिच्याच घरी गेली, असं तिला वाटलं. मग तिला रडू आलं. तेराव्यापासून अडलेलं सगळं रडू आलं. मलिहा बसून राहिली. तिने जवळ घेतलं नाही आणि उठूनही गेली नाही.

बऱ्याच वेळाने मलिहा म्हणाली, "ग्रामपंचायतीत सोमवारी बोलावलं आहे. ही सही सागरभाईचीच आहे अन् दोघं आपल्या मनानं गेले होते, एवढं तुम्ही सांगा. तुमच्याशिवाय कोणाले सांगता येत नाही."

"मी सांगीन," अनुपमा म्हणाली. मग तिने विचारलं, "भाभी, तुम्ही खरंच मांगे लागल्या होत्या का अकीलभाईच्या?"

"हाव. दोन वर्षं. लय भांडण झालं आमचं. एकदा तं मले म्हणे, तू माह्या मरणाची वाट पाहून राह्यली का. तीन दिवस बोलले नाही माह्याशी. मंग त्यायले आपल्या मायचं आठवलं, अन् आपल्या मनानंच गेले." मलिहाने ओढणीने नाक पुसलं. "ते भांडण मले आता रोज आठवते. तुम्हाले वाटते मी सुखात आहे."

अनुपमाला ओट्यावरच्या त्या संध्याकाळी आठवल्या, तांदूळ निवडत विचारलेले प्रश्न आठवले. त्यात हेही भांडण कुठेतरी असणार, आणि ते आपल्याला भिंतीतून कधी ऐकू आलं नाही.

सोमवारी ग्रामपंचायतीत सरपंच उकंडराव, ग्रामसेवक, दोन्ही चुलते आणि दहा-बारा माणसं होती. अनुपमा पदर घट्ट धरून उभी राहिली. सही आपल्या नवऱ्याची आहे, असं तिने सांगितलं. दोघं नवरात्रात मोताळ्याला गेले तेव्हा सागर घरी येऊन काय बोलला, तेही तिने जसंच्या तसं सांगितलं.

धाकटा चुलता म्हणाला, "मग गावात तुम्हीच काऊन म्हटलं, लिहून घेतलं म्हणून?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. गुलाबरावही दारात उभे होते.

"जळत होती म्हणून म्हटलं," अनुपमा म्हणाली. "माह्या घरी काहीच लिहिलेलं नव्हतं. माह्या नवऱ्यानं लिहितो म्हटलं होतं, मीच लिहू देलं नाही. ते कोणाले सांगू? म्हणून तिच्यावर बोलली."

उकंडरावांनी अर्जावर काहीतरी लिहिलं आणि चुलत्यांना सांगितलं की घरावरचं नाव आहे ते राहील, तुम्हाला कोर्टात जायचं असेल तर जा. ते गेले नाहीत.

त्या दिवसानंतर अनुपमा आणि मलिहा लगेच मैत्रिणी झाल्या असं नाही. मलिहा दोन महिने तिच्याशी कामापुरतंच बोलली. पण मोताळ्याच्या वकिलाचं नाव तिनेच दिलं. वकिलाने अनुपमाला कागद मांडून समजावलं. वाटणी कागदावर असती आणि सागरने मृत्युपत्र केलं असतं, तर तीन एकर आणि विहीर सरळ तिच्याकडे आणि रेणुकाकडे आली असती. आता तसं नाही. सासऱ्यांच्या सहा एकरांचे तीन वाटे, त्यातला सागरचा एक, आणि त्या एकाचे पुन्हा तीन. आईचा, बायकोचा, मुलीचा. मायलेकींच्या वाट्याला येत होतं एक एकर तेरा गुंठे.

"अन् मी दुसरं लग्न केलं तं?" तिने विचारलं.

"तरी तुमचं तुमचंच. मुलीचं मुलीचंच," वकील म्हणाले. "ते तुमच्या दिराला मी सांगतो."

गुलाबरावांनी सह्या दिल्या, पण वर्ष लावलं. ग्रामपंचायतीतलं ऐकून ते जरा वरमले होते, असं मंजुळाबाई म्हणायच्या. विहिरीचा तुकडा त्यांनी सोडला नाही. अनुपमाला कडेचं, हलकं वावर मिळालं. मंजुळाबाईंनी मात्र एक दिवस कोणालाही न विचारता बँकेत जाऊन विम्याच्या रकमेतला निम्मा भाग रेणुकाच्या नावाने ठेवला. घरी येऊन त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "सागरले बरं वाटलं असतं." त्या रात्री गुलाबराव जेवले नाहीत.

२०११ च्या जूनमध्ये अनुपमाने आपल्या वावरात कापूस लावला. सगळीकडे बीटी घेतात म्हणून तिनेही तीच पिशवी घेतली, पण मधे मधे तुरीच्या ओळी टाकल्या. एक गेलं तर दुसरं हाती असावं म्हणून. अंगणवाडीत मदतनीस म्हणूनही तिला काम लागलं. नोकरीच्या कागदावर वारस म्हणून कोणाचं नाव लिहायचं, असं बाईंनी विचारलं तेव्हा ती क्षणभरही थांबली नाही. रेणुका, असं तिने लिहिलं. मग घरी येऊन विचार करत बसली. रेणुका सात वर्षांची. आपण उद्या राजूर घाटातून परत आलो नाही, तर ही पोर कोणाच्या घरी जाईल? गुलाबरावांच्या? ते तिला जेवू घालतील, यात शंका नव्हती. पण तिचं एक एकर तेरा गुंठे कोण सांभाळील?

तिची धाकटी बहीण चिखलीला शिक्षिका होती. अनुपमा एका रविवारी तिच्याकडे गेली आणि तिला आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवून विचारलं. बहीण आधी रागावली, "असं अभद्र काऊन बोलते?" अनुपमाने तिला बोलू दिलं. तिला ते शब्द ओळखीचे होते. शेवटी मेहुणे म्हणाले, "ताई, तुम्ही लिहा. आम्ही पोरगी सांभाळू. तिच्या वावराले हात लावणार नाही."

परत आल्यावर तिने मलिहाच्या दारात जाऊन सांगितलं, "भाभी, मृत्युपत्र करून राह्यली. साक्षीदार लागते दोन."

मलिहा शिवणयंत्रावर बसली होती. तिने पायाखालचं चाक थांबवलं. "मी येईन. दुसरा कोण?"

"गुलाबरावभाऊजी."

मलिहाने भुवया उंचावल्या.

"त्यायलेच सांगतलं," अनुपमा म्हणाली. "सही करतीन तं पुढं नाही म्हणता येणार नाही त्यायले."

गुलाबराव आले. वकिलाच्या खोलीत त्यांनी तो कागद दोनदा वाचला. रेणुका सज्ञान होईपर्यंत तिचं पालनपोषण मावशीकडे, जमीन तिच्याच नावाने, विकायची नाही. वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि सही केली. मग म्हणाले, "माह्याबी पोरायचं काही केलेलं नाही मी." वकील म्हणाले, "या ना कधी." ते उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

मलिहाने आपलं नाव लिहिलं. ती मराठीतच सही करायची. गोल, सरळ, एकसारखी अक्षरं. अनुपमाने आपली सही पाहिली, वाकडी, ओळीखाली घसरलेली, आणि तिला पुन्हा थोडंसं वाटलंच, हिचं अक्षरही आपल्याहून चांगलं. पण आता त्यात जाळ नव्हता. ती मलिहाला म्हणाली, "तुमचं अक्षर लय सुरेख आहे भाभी."

"शाळेत पहिला नंबर होता माहा," मलिहा म्हणाली, आणि दोघी तीनच्या बसला जागा मिळावी म्हणून घाईने निघाल्या.